डोळ्यासमोरचे ड्रोन, डोळ्याआडचा शेतकरी



येत्या जिल्हा बैठकीत ड्रोनचा विषय घ्यावा, असा आग्रह राजुरा, कोरपना, वरोरा आणि चामोर्शी या चारही तालुक्यांतून आला आहे. विषय नवा असला तरी प्रश्न जुनाच आहे. शेतकऱ्याने कोणते अवजार वापरावे, कसे वापरावे आणि कोणाला विचारून वापरावे, हे ठरवायचे कोणी?

वाद अडला आहे तो एका नियमावर. ड्रोन उडवणाऱ्याने ते सतत आपल्या डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे, नजरेच्या टप्प्याबाहेर जाऊ देता कामा नये, असा हा नियम. आमच्या तरुण कार्यकर्त्यांतला एक गट म्हणतो, "हे दुसरे लायसन्स-परमिट राज आहे, सरळ मोडून काढा." दुसरा गट म्हणतो, "सरकारशी आणि पोलिसांशी वैर नको, जंगलाचा मुलूख आहे, गप्प बसा." आम्हाला दोन्ही मते पटत नाहीत. का पटत नाहीत ते बैठकीआधीच मांडून ठेवावे, म्हणजे तेथे हातघाईवर येण्यापेक्षा विचाराने बोलता येईल, यासाठी हा लेख.

पाठीवरचा पंप आणि २०१७ चे साल

आधी हे यंत्र आपल्याला हवे कशाला, ते पाहू. पाठीवरच्या पंपाने एक एकर पऱ्हाटी फवारायची तर माणूस किती चालतो, याचा हिशेब कोणी केला आहे काय? एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीन फुटांच्या पट्ट्याने फवारत गेले तर साडेचौदा हजार फूट, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर चाल झाली. तीही पाठीवर पंधरा लिटरचा पंप घेऊन, चिखलात, कमरेइतक्या किंवा छातीइतक्या पऱ्हाटीतून. फवारा पुढे जातो आणि माणूस त्याच ओल्या पानांतून मागे चालतो. कृषी महाविद्यालयात आम्हाला मात्रा शिकवली, नोझल शिकवले, किडीची आर्थिक नुकसानीची पातळी शिकवली. पण पंप पाठीवर घेणाऱ्याच्या कातडीचे गणित कोणत्याच पुस्तकात नव्हते.

ते गणित २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने मांडून दाखवले. त्या एका हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. तपासणीची पथके आली, चौकशा झाल्या, हातमोजे आणि मास्क वाटले गेले. विदर्भाच्या सप्टेंबरमधल्या उकाड्यात रबरी मोजे आणि तोंडावर फडके बांधून साडेचार किलोमीटर कोण चालणार, हे मोजे वाटणाऱ्यांनी स्वतः एकदा चालून पाहिले असते तर बरे झाले असते.

फवारणीचे ड्रोन साधारण दहा लिटरची टाकी घेऊन उडते, पिकाच्या शेंड्यावर सहा ते दहा फूट उंचीने जाते आणि एक एकर दहा मिनिटांच्या आत उरकते. माणूस धुऱ्यावर उभा राहतो, विषापासून लांब. याचसाठी हे अवजार आपल्याला हवे आहे. कोणी सरकारी जाहिरात दाखवली म्हणून नव्हे.

नियम आला कुठून

या नियमाचा जन्म शेतात झालेला नाही. विमान चालवणारा समोर पाहतो आणि दुसरे विमान दिसले की बाजूला होतो, ही विमानविद्येतली जुनी शिस्त आहे. ड्रोनमध्ये माणूस बसलेला नसतो, म्हणून पाहायचे आणि टाळायचे काम जमिनीवरच्या माणसाकडे आले. ते साध्या डोळ्यांनी करायचे. चष्मा चालतो, दुर्बीण चालत नाही, आणि हातातल्या पडद्यावरचे चित्र म्हणजे नजर नव्हे.

आपल्या देशात १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या पहिल्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिले होते. ड्रोन दिवसा उडवायचे, ४०० फुटांच्या खाली उडवायचे आणि नजरेच्या टप्प्यात ठेवायचे. २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले. परवानग्यांचे जंजाळ बरेच कमी झाले, फी उतरली, नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे पडले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडायला वेगळी परवानगी लागत नाही. एवढ्यापुरते सरकारचे कौतुक करायला आमची हरकत नाही. परंतु पायलटला आज प्रशिक्षण मिळते ते नजरेच्या टप्प्यातल्या उड्डाणाचेच. त्यापलीकडे जायचे तर खास परवानगी काढावी लागते.

या नियमांत भारत आणि इंडिया कसे वेगळे दिसतात, त्याचे एकच उदाहरण देतो. पायलटच्या प्रमाणपत्रासाठी सप्टेंबर २०२३ पर्यंत पासपोर्ट मागत असत. आपल्याच शिवारावर दहा फूट उंच यंत्र उडवायचे, त्यासाठी परदेशी जाण्याचा परवाना! मग नियमात दुरुस्ती झाली आणि साध्या ओळखपत्रावर काम होऊ लागले. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणते गिऱ्हाईक होते, ते यावरून समजावे.

मोहाच्या झाडामागे काय झाले

आता शिवारात या. मागच्या एका हंगामात कोरपना तालुक्यातल्या एका गावी ड्रोनची फवारणी पाहायला आम्ही गेलो होतो. पऱ्हाटी छातीला लागलेली, मध्ये तुरीची तासे, धुऱ्यावर बाभळी आणि एक जुना मोह. चालवणारा पोरगा हुशार होता. पहिली तीन तासे नीट गेली. चौथ्या फेरीला ड्रोन मोहाच्या मागे गेले आणि दिसेनासे झाले. आम्ही विचारले, "कुठे आहे?" तो म्हणाला, "स्क्रीनवर आहे की, सर." स्क्रीनवर होतेच. पण फवारा चालू राहिला तो धुऱ्याच्या पलीकडे, शेजारच्या वांग्याच्या वाफ्यावर. शेजाऱ्याची बायको तेव्हा तेथेच वांगी तोडत होती. ती ओरडली, तेव्हा आम्हाला कळले. दैव बलवत्तर म्हणून तिला काही झाले नाही. वांगी मात्र उपटून फेकावी लागली आणि भरपाईवरून दोन घरांचे बोलणे बंद झाले.

चूक पोराची म्हणावी, तर त्याला उभे केले होते शेताच्या एका टोकाला. शंभर-दोनशे मीटरवरचे यंत्र झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कोणाच्याच डोळ्याला नीट कळत नाही. ज्वारीत तर आणखी बिकट. आठ फूट ज्वारीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला समोर फक्त ताटे दिसतात. ड्रोन पाहायचे तर बंडीवर नाही तर ट्रॉलीवर चढावे लागेल.

यावरून आम्ही काय शिकलो? नियम खोटा नाही. ड्रोनमधले औषध दहा लिटर पाण्यात असते. पंपाने फवारताना त्याच एकराला दीड-दोनशे लिटर पाणी लागते. म्हणजे ड्रोनचा थेंब बारीक आणि कितीतरी तेज. वाऱ्याने तो सरकला तर शेजाऱ्याचे नुकसान पंपापेक्षा मोठे. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत शेजारी म्हणजे केवळ दुसरी पऱ्हाटी नव्हे. आरमोरीकडे आणि सावली-सिंदेवाहीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसणारी ढिवर कुटुंबे आहेत. कीटकनाशकाला बोंडअळी आणि रेशमाची अळी यांतला फरक कळत नाही. मामा तलावांत मासे आहेत, बोड्यांचे पाणी गुरे पितात, मोहावर मधमाश्या आहेत. ज्याला ड्रोन दिसत नाही, त्याने फवारा चालू ठेवू नये. एवढी गोष्ट समजायला दिल्लीचा नियम कशाला पाहिजे? धुऱ्याला धुरा लागलेला कोणीही शेतकरी ती सांगेल.

सत्याग्रह कशासाठी करायचा

काही मित्र जून २०१९ ची आठवण देतात. अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणारे, सरकारी मान्यता नसलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. ती मागणी आम्ही आजही मान्य करतो. पण त्या आंदोलनात शेतकरी आपल्या वावरात आपली जोखीम घेत होता. पीक बुडाले असते तर त्याचेच बुडाले असते. झाडाआड गेलेले ड्रोन दुसऱ्याच्या वावरात जोखीम टाकते. आपले स्वातंत्र्य धुऱ्यापर्यंत. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचे स्वातंत्र्य सुरू होते. सरकारने आपल्यावर लादलेली बंधने तोडायची आणि आपणच शेजाऱ्यावर विष लादायचे, ही शेतकऱ्याची चळवळ नव्हे. म्हणून "नियम मोडा" हा ठराव बैठकीत आला तर आम्ही त्याच्या विरोधात बोलू.

पण मग "गप्प बसा" म्हणणाऱ्यांचे खरे काय? तेही नाही. नियमाचा गाभा बरोबर असला तरी तो ज्या रीतीने आपल्यावर येऊन पडतो, ती रीत चुकीची आहे.

नियम सांगतो, एका माणसाने एका जागी उभे राहून पाहावे. हे सपाट, मोकळ्या, शंभर एकरांच्या शेताला ठीक. आपले वावर तीन-चार एकरांचे, मध्ये नाला, कडेला झुडपी जंगल, धुऱ्यावर झाडे. मग करायचे काय? झाडे तोडायची? त्यावर उपाय जगाने केव्हाच शोधला आहे. जपानात भातशेतीवर मानवरहित हेलिकॉप्टरने फवारणी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथे चालवणारा एका बांधावर आणि दुसरा माणूस समोरच्या बांधावर उभा राहतो. यंत्र कडेला आले, की समोरचा खूण करतो. युरोपच्या नियमांतही ठरावीक प्रकारच्या उड्डाणांत, विरळ वस्तीच्या भागात, चालकापासून एक किलोमीटरपर्यंत जाता येते आणि निरीक्षक उभे केले तर दोन किलोमीटरपर्यंत. दुसऱ्या माणसाचे डोळे तेथे नियमात धरले जातात. आपल्याकडे शेतकरी, त्याची बायको, त्याचा पोरगा धुऱ्यावर उभे असतात, खुणा करतात, ओरडतात. पण नियमात त्यांचे डोळे कोणी मोजत नाही. मोहाच्या पलीकडे एक शिकवलेला माणूस उभा असता तर ती वांगी वाचली असती.

जागलीला गेलेल्याची नजर

आता दुसरी आणि आमच्या मते जास्त गंभीर गोष्ट. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे. चंद्रपूरला ताडोबा आहे आणि ताडोबाबाहेरही वाघ आहेत. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे आणि रोही येतात. एका रात्रीत तीन महिन्यांची मेहनत लोळवतात. म्हणून शेतकरी मचाणावर जागलीला जातो. हातात बॅटरी आणि डबडे. बॅटरीचा उजेड किती लांब जातो? तीस-चाळीस पावले. ज्वारीत हलते ते डुक्कर आहे की त्याच्या मागे आलेला वाघ, हे त्याला कळत नाही. सकाळी वेचणीला बाया वाकून पऱ्हाटीत शिरतात, त्यांनाही कळत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. या भागात अशी बातमी नसलेले वर्ष जात नाही.

उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले हलके ड्रोन वरून अंधारातही जनावर दाखवते. माणसाने आत शिरण्याआधी शिवार पाहून घेता येते. पण या कामाचे मर्मच असे, की माणसाची नजर पोचत नाही तेथे यंत्राने पाहावे. आणि नियम म्हणतो, तुमची नजर जेथे पोचते तेथेच यंत्र न्या. जेथे नजर पोचते तेथे यंत्र कशाला हवे?

सरकार म्हणेल, रात्रीची आणि नजरेपलीकडची परवानगी देणे सोपे नाही. २०२० साल आठवा. मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत उतरली. त्याच महिन्यात केंद्राने टोळांवर ड्रोनने फवारणीला सशर्त सूट दिली. जूनच्या अखेरीस ५० किलोपर्यंतच्या इंजिनच्या ड्रोनना आणि रात्रीच्या उड्डाणालाही मुभा दिली. टोळ रात्री झाडावर बसतात, म्हणून रात्री मारावे लागतात. ही गोष्ट सरकारला पाच आठवड्यांत समजली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात बिष्णुपूरहून लोकटाक तलावातल्या करांग बेटावर ड्रोनने लस नेली. हवेतून पंधरा किलोमीटर, पंधरा मिनिटांच्या आत. तेथे चालकाचे डोळे पंधरा किलोमीटर पोचले नव्हते. सुरक्षेची दुसरी व्यवस्था करून परवानगी दिली गेली, आणि ते योग्यच झाले. मग डुक्कर आणि रोही रात्री येतात आणि वाघ पहाटे धुऱ्यावर असतो, ही गोष्ट समजायला किती वर्षे हवीत?

महाभारतात धृतराष्ट्र महालात बसून होता आणि संजय त्याला दूरच्या रणांगणाचे वर्तमान सांगत होता. आजच्या राज्यकर्त्यांजवळ उपग्रह आहेत, जंगलात कॅमेरे आहेत, पोलिसांजवळ ड्रोन आहेत. संजयाची दृष्टी सगळी महालासाठी. रणांगणात जो उभा आहे, त्याच्या हातात बॅटरी आणि डबडे.

सुरक्षेचा बागुलबुवा

गडचिरोलीत एक उत्तर हमखास मिळते, हा भाग नाजूक आहे. जिल्हा १९८२ साली झाला, आणि तेव्हापासून या उत्तरावर कितीतरी कामे अडली. सुरक्षेचा प्रश्न खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. माणसे दोन्ही बाजूंनी मेली, आणि मधल्यामध्ये आदिवासी शेतकरी मेला. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या वरिष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. परिस्थिती बदलते आहे, तशी कागदावरची बंदीही बदलली पाहिजे.

२०२१ च्या नियमांतच लिहिले आहे की पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरावीक भाग तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतो, तो ९६ तासांपेक्षा जास्त नाही. म्हणजे बंदीला जागा असते, मुदत असते आणि ती जाहीर करावी लागते. "वरून तोंडी सांगितले आहे" हा कायदा नव्हे. कोणी ड्रोन अडवले तर नम्रपणे एवढेच विचारावे: साहेब, आदेश दाखवा, मुदत सांगा. अभयारण्यावर आणि राखीव जंगलावर ड्रोन नेऊ नये, तेथे वनविभागाची परवानगी हवीच. पण जंगलाच्या कडेचे वावर हे जंगल नव्हे.

बैठकीपुढे ठेवायचा ठराव

आमची सूचना अशी आहे.

पहिले, नजरेचा नियम फवारणीला कायम राहावा, पण समोरच्या धुऱ्यावरचा शिकवलेला माणूस "दुसरा डोळा" म्हणून नियमात धरावा. त्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण सिंदेवाही आणि सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत मराठीत आणि गोंडीत व्हावे. त्यासाठी दहावीची अट नको. धुरा ओळखायला दहावी लागत नाही.

दुसरे, दोन किलोच्या आतल्या, काहीही न फवारणाऱ्या, फक्त पाहणाऱ्या ड्रोनना गावाच्या शिवारापुरती, कमी उंचीवर, ग्रामसभेला कळवून रात्रीची आणि नजरेपलीकडची मुभा द्यावी. २०२० मध्ये टोळांसाठी नियम वाकला, तसा.

तिसरे, कोणतीही बंदी लेखी, नकाशासह आणि मुदतीसह असावी आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी.

चौथे, ज्या अनुदानावर ही यंत्रे येतात, ते आकड्यांसाठी वापरू नये. २०२३ च्या योजनेत पंधरा हजार महिला बचत गटांना ८० टक्के, आठ लाखांपर्यंत अनुदान जाहीर झाले. चांगली गोष्ट. पण यंत्र आले आणि बॅटरी, दुरुस्ती, विमा आणि दुसरा माणूस यांचा खर्च एकरी भाड्यातून निघाला नाही, तर ते यंत्र समाजमंदिरात धूळ खात पडेल. गटाला यंत्र देण्याआधी त्या गावात एकरी भाडे किती परवडते, याचा हिशेब गटासमोर मांडावा.

आणि पाचवे सरकारकडे मागायचे नाही, ते आपणच करायचे. ज्या गावात ड्रोन येईल, तेथे आदल्या दिवशी दवंडी द्यावी. टसरवाले, मधपेट्यावाले, तलावावरचे ढिवर आणि शेजारचे धुरेकरी यांना सांगावे. वारा वाढला किंवा ड्रोन दिसेनासे झाले की फवारा बंद. शेजाऱ्याचे नुकसान झाले तर पंचांसमोर भरून द्यावे. एवढी शिस्त आपण वहीत लिहून दोन हंगाम पाळून दाखवली, तर त्या वह्या हातात घेऊन दिल्लीशी बोलता येईल. सरकारला आपला अनुभव दाखवू शकणारा शेतकरी याचक राहत नाही.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या शिवारात फवारणीने गेल्या पाच वर्षांत किती माणसे आजारी पडली, आणि जागलीला गेलेली किती माणसे जखमी झाली किंवा मेली. आकडे कोणी दुसरा आणून देणार नाही. ज्यांचे डोळे नियमात मोजले जात नाहीत, त्यांनी निदान आपले मेलेले तरी स्वतः मोजावेत. ठरावाला जोर त्यातून येईल.